उतरलेला गंधार

फ्रेटची तार कुरियरनं आली तेव्हा मी कंपनीत होतो. संध्याकाळी शेंद्र्याहून घरी पोचलो तर बायकोनं ते वेटोळं चहाच्या कपाशेजारी आणून ठेवलं.

"कुकरची रिंग मागवली काय?"

"गिटारची तार आहे."

"वाजवायची?"

"ठोकायची."

तिनं कप उचलून लांब ठेवला. मी काही ठोकायला घेतलं की आमच्या घरात सगळे असेच सावध होतात. मागं बाथरूमचा नळ मी स्वतः बदलला होता, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका छत्री उघडूनच वर आले होते. कंपनीत मी टूलरूममध्ये आहे, केसाच्या जाडीचा फरक पकडतो. घरी आलो की तोच हात कुठं जातो, मला कळलेलं नाही.

गिटार दादाची. बेस गिटार म्हणजे चार जाड तारा आणि छातीत घुमणारा आवाज. तिच्या मानेवर असली तार तुकडे करून आडव्या पट्ट्यांसारखी ठोकलेली असते, त्या पट्ट्या म्हणजेच फ्रेट. दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट कुठंही दाबा, सूर बरोबर येतो. माझ्यासारख्यांसाठीच केलेली सोय ती. दादानं ती एका उन्हाळ्यात ओसरीत बसून पकडीनं उपटून काढली, दाताच्या डॉक्टरसारखी, एकेक. आई म्हणाली, "चांगल्या वस्तूचं वाटोळं करतोय बघ." दादा म्हणाला, "पार्टीत बसंना ती." मग खाचांमध्ये भुसा आणि सुताराचा गोंद भरला, पॉलिशपेपरनं घासून मान गुळगुळीत केली. नुसत्या रेघा राहिल्या, बुजलेल्या.

पार्टी म्हणजे भीमगीतांची पार्टी. जयंती जवळ आली की दादा घरात दिसायचा नाही. आज करमाड, उद्या पैठण, परवा आणखी कुठलं तरी गाव. मी मागं खुर्च्या लावायला असायचो. पट्ट्या काढल्यापासून गिटारचा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर असा सरकत जायचा की डोळे मिटले तर वाटायचं, दादा तोंड बंद ठेवून गुणगुणतोय. त्याला आंघोळ करतानाही तसंच गुणगुणायची सवय होती. बादली वाजायची आणि तो.

दादा गेल्यावर वहिनीनं ती वाकळीत गुंडाळून माझ्याकडं आणली. "भाऊजी, ही इथं राहू द्या. घरात बघवत नाही, आणि विकवत तर नाहीच." तेव्हापासून ती आमच्या भिंतीवर आहे. बायको दर शनिवारी पुसते. मी अधूनमधून काढतो, दोन सूर वाजवतो आणि परत टांगतो. कॉलेजात दादानंच मला शिकवलं होतं, पण पट्ट्या होत्या तेव्हा. आता माझं बोट त्या मानेवर असं फिरतं, जसं दिवाळीत औरंगपुऱ्यात पार्किंग शोधतोय.

यंदा पार्टीतल्या लोकांचा फोन आला, जयंतीच्या स्टेजवर बेसवाला कुणी नाही. मी नाहीच म्हणणार होतो. पण वहिनीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "वाजवा ना भाऊजी. एकदा तिचा आवाज ऐकायचाय मला." मी हो म्हणालो.

म्हणजे पट्ट्या परत ठोकणं आलं. पुण्यात हे काम करणारे आहेत म्हणतात. पण ज्या लाकडावर दादाची बोटं फिरली, ते परक्या माणसाच्या टेबलावर पडलेलं मला डोळ्यांपुढं आणवेना. ठोकायचंच तर आपण ठोकू. बिघडलं तर निदान घरातल्या माणसानं बिघडवलेलं असेल.

रविवारी जेवणाच्या टेबलावर चादर पसरली. खाचेतला भुसा उकरायला बारीक पातं घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच मान नीट पाहिली. कडेला मरून रंगाचे ठिपके होते, नेलपॉलिशचे. खूणच ती, कुठं दाबायचं त्याची. बहुतेक ठिपके जुन्या खाचांच्या रेघेवर होते. दोन-तीन मात्र ज्वारीच्या दाण्याएवढे मागं. गंधाराचा तर चांगलाच मागं. मोबाइलवरचं सूर मोजायचं यंत्र लावलं आणि त्या ठिपक्यावर तार छेडली. काटा लाल. परत छेडली. लाल.

"दादाचं मोजमाप चुकलंय," मी बायकोला म्हणालो. धाकट्या भावाला ह्या वयातसुद्धा असल्या गोष्टीचा आनंद होतो, काय करणार. आता पट्ट्या बसवणं म्हणजे दुरुस्तीच ठरत होती. मी हुरूपानं वहिनीला बोलावून घेतलं.

तिनं चष्मा पुसला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"नेलपॉलिश माझं आहे," ती म्हणाली. "अख्खी बाटली संपवली होती. आणि चुकलं नाही भाऊजी. उस्तादांची पेटीच तशी आहे."

उस्ताद म्हणजे पार्टीचे गायक, बिडकीनचे. पार्टी सगळी गाणी त्यांच्याच पेटीवर गायची, तिच्या एकाच काळ्या पट्टीचा सा धरून. त्या पेटीचा गंधार कधीचा उतरलेला, आणखी दोन सूर थोडे तिरके. कुणी दुरुस्त केली नाही, कारण तिच्यासोबत गाऊन गाऊन उस्तादांचा गळाही तिथंच बसला होता. बाकीच्यांचा पण. सगळी पार्टी मिळून एकसारखी बेसूर होती, म्हणजे सुरात होती. एकटी दादाची नवी गिटार तेवढी बरोबर वाजायची आणि खड्यासारखी लागायची. म्हणून त्यानं पट्ट्या उपटल्या, पेटीसमोर बसून एकेक सूर लावून पाहिला, आणि वहिनी ठिपके देत गेली.

पातं मी डब्यात ठेवलं.

पुढच्या रविवारी वहिनीला आणि गिटारला गाडीत घालून बिडकीनला गेलो. उस्ताद आता थकलेत. पेटी खाटेखालून काढायला लावली.

"स्टेजवर आता कीबोर्ड असतो," ते म्हणाले. "लई चोख वाजतो. मला त्यात गाताच येत नाय."

"मग ही?"

"ही माझ्याजवळ. आम्ही दोघं सारखेच झालोत." त्यांनी भाता ओढला. "वाजव."

मी ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांनी गंधार धरला, मी तार छेडली. दोन्ही सूर असे मिळाले की मधली फट कुठं होती ते कळेना. टेबलावर लाल दिसलेला तोच सूर. मी हळूच बोट पुढच्या ठिपक्यावर सरकवलं, आणि मधल्या त्या सरकण्यात, क्षणभरच, दादाच्या आंघोळीची बादली वाजली. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

"त्याच्यासारखं नाय वाजवत तू," उस्ताद म्हणाले.

"व्हय, माहितीये."

"पण जागा त्याच्याच हायेत. चल, परत."

जयंतीच्या स्टेजला मी नाही म्हणून कळवलं. कीबोर्डच्या शेजारी ते ठिपके सुरात लागले नसते, आणि पट्ट्या ठोकल्या असत्या तर ते कुठंच लागले नसते. वहिनीला सांगायची मला धास्ती होती. ती म्हणाली, "स्टेज कुणाला पाहिजे होतं भाऊजी?" आता जमेल त्या रविवारी आम्ही बिडकीनला जातो. ती उस्तादांसाठी मेथीची भाजी करून घेते. मी तीन गाणी वाजवतो, त्यातलं एक बरं जातं. उस्तादांना दम लागतो, मग पेटी पुन्हा खाटेखाली.

परवा बायकोनं कपाट आवरताना ते तारेचं वेटोळं काढलं. "हे परत पाठवायचं ना?"

मला उस्तादांना लागणारा दम आठवला, आणि ती पेटी, भाता ओढताना आताशा थोडी फुसफुसते ती. ती दोघं थांबली की त्या ठिपक्यांशी मिळणारं दुसरं काही उरणार नाही, मग पट्ट्याच ठोकाव्या लागतील.

"राहू दे," मी म्हणालो. "अगदी मागं ठेव. सहज हाताला लागणार नाही असं."