अनवरीबीचा दांड्याचा लसूण

औरंगाबादच्या नवाबपुऱ्यातल्या अनवरीबीला कुणी ‘हे होणार नाही’ म्हटलं, की ते झालंच म्हणून समजावं. बाई महाहट्टी. मला तिचा हट्ट फार आवडतो, म्हणून ही हकिगत.

निजामाच्या राज्यातले दिवस. तिचा नवरा फारूख हिमरूचं कापड विणायचा आणि धाकटा भाऊ निजामुद्दीन छावणीत घोड्यांची निगा राखायचा. पलटणीबरोबर तो पार उत्तरेच्या डोंगरात गेला आणि रजेवर येताना बहिणीसाठी लसणाचा एक गड्डा घेऊन आला. आपल्यासारखा लसूण नव्हे तो. मधोमध टणक दांडा आणि त्याच्याभोवती जाडजूड पाकळ्या. “आपा, परसात लाव,” एवढं सांगून तो परत गेला आणि तिकडेच तापाने वारला. अनवरीबीला त्याची कबरही पाहायला मिळाली नाही. भावाचा म्हणून तो गड्डा तेवढा उरला. तो इथल्या मातीत जगवायचाच, असं तिने मनाशी पक्कं केलं.

पहिल्या वर्षी फजिती झाली. पात झकास आली, पण उपटल्यावर हाती लागल्या नुसत्या गोल गोट्या. ना पाकळ्या, ना दांडा.

फारूख हसला. “लसूण लावला का कांदा? टाक मटणाच्या सालनात.”

“खबरदार हात लावला तर!”

बर्फाच्या मुलखातलं बियाणं, त्याला आधी गारवा लागत असणार, असं तिला वाटलं. औरंगाबादेत बर्फ कुठून आणायचा? पण जमिनीखालून खापरी नळांनी येणारी नहर होती. नहरीचं पाणी गल्लीतल्या दगडी हौदात पडायचं, तिथला कोनाडा भर उन्हाळ्यातही गार असायचा. मडक्यात वाळू भरून तिने त्या गोट्या तिथे ठेवल्या आणि रोज जाऊन बघू लागली. “लसूण न्हाऊन झाला का?” म्हणून पाणी भरणाऱ्या बायका चिडवायच्या. ती आपली मडकं झाकून घरी यायची. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि तिने पुन्हा वाफा केला.

माघात दांडे वर आले, टोकाला वेटोळं घालून. बाई वाफ्यातच बसली आणि मनसोक्त रडली.

नेमकं तेव्हाच फर्दापूरला नणंदेच्या घरचं लग्न निघालं. पाणी घालायला तिने शेजारच्या मनकर्णाबाईला सांगितलं. मनकर्णाबाई माळ्याघरची, जन्म कांद्यात गेलेला. तिने ते दांडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. कांद्याला असा दांडा फुटला की त्याला डेंगळा म्हणतात, आणि मग कांदा पोसत नाही. शेजारणीचं नुकसान नको म्हणून तिने सगळे दांडे मायेने मोडून टाकले. परसातल्या डाळिंबाच्या झाडामागचा एक तेवढा नजरेतून सुटला.

अनवरीबी परतली आणि गल्ली दणाणली. “माझ्या भावाची निशाणी मोडली तुम्ही, आक्का!”

“मला काय ठावं? आमी डेंगळं मोडतोच. तुमचं वाटोळं करीन व्हय मी?”

बोलणं बंद झालं. पाणी मात्र अनवरीबीने बंद केलं नाही. मोडलं तर मोडलं, मुळं तर शाबूत आहेत, म्हणून ती रोज कळशी ओतत राहिली.

चैत्रात तिने वाफा खणला. मोडलेल्या दांड्यांखाली मुठीएवढे, पाकळ्यांनी ठासलेले गड्डे निघाले. डाळिंबामागचा, न मोडलेला, तेवढा किरकोळ निघाला. त्याची सगळी ताकद दांड्यात गेली होती. मग पदरात गड्डे घेऊन तडक मनकर्णाबाईच्या दारात गेली.

“निम्मे तुम्ही लावा, आक्का. माझ्याकडं बुडाला तर तुमच्याकडं राहील. पण माझ्या वाफ्यातले दांडेबी तुम्हीच येऊन मोडायचे. माझ्यानं मोडवणार नाय.”

मनकर्णाबाईने मान डोलावली. त्यातल्याच एका गड्ड्याच्या पाकळ्या सोलून तिने मिरची-मिठाबरोबर ठेचल्या आणि भाकरीवर घालून पुढे केल्या. “भावाचं हाय. पैला घास तुमचा.”

अनवरीबीने सावकाश खाल्लं.

“लई तिखट हाय,” ती म्हणाली. “निजामुद्दीनला सोसलं नसतं. घरभर नाचला असता.” आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचं नाव घेऊन ती हसली.