दुखापत शून्यावर

वास्तवाला सामोरं जाण्याचं धैर्य आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. फक्त रिपोर्टचं पाकीट आम्ही दुसऱ्या कोणाला तरी उघडायला देतो.

माझी ताई मुलुंडच्या एका शाळेत खेळ शिकवते. मुलींना उडी कशी घ्यायची ते दाखवताना ती सिमेंटच्या कोर्टवर वेडीवाकडी उतरली आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, चालता येईल, शिकवता येईल, पण बास्केटबॉल खेळणं संपलं. हे त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं. तिला मी सांगायचं ठरलं. मी तिला बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम आणून दिला.

पहिल्याच दिवशी ती वैतागली. मारलेला प्रत्येक बॉल आत जात होता आणि कोणी दमतच नव्हतं.

"हा खेळ आहे की रिसेप्शन? सगळेच खूश," ती म्हणाली.

मग सेटिंग्जमध्ये शून्य ते शंभर आकड्यांच्या पट्ट्या सापडल्या. लांबून मारलेले किती बॉल आत जावेत, खेळाडूंनी किती लवकर दमावं, पंचांनी किती शिट्ट्या फुंकाव्यात, सगळं आपल्या हातात. ताई गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून हुकूम सोडायची, मी आकडे हलवायचो. थकवा वाढव. फाऊल वाढव. नेम कमी कर, अजून कमी. शाळेच्या कोर्टवर आहे तशा तिरक्या रिंगची पट्टी कुठेच नव्हती, याचा तिला खेद झाला. तिने स्वतःसारखी एक खेळाडूही बनवली. उंची खरी टाकली, वजन टाकलं नाही.

दुखापतीची पट्टी तेवढी मी तिला न सांगता शून्यावर नेऊन ठेवली.

शाळेतून फोन यायचे. तिच्या जागी कॉम्प्युटरचे सर गळ्यात शिट्टी अडकवून मुलींचा सराव घेत होते. ताई सांगायची, जानेवारीत येते, स्वतः समोर खेळून घाम काढते एकेकीचा. अशा वेळी मी चहा टाकायला आत जायचो. त्या महिन्यात आम्ही फार चहा प्यायलो.

एका रविवारी तिने मॅच मध्येच थांबवली.

"इतक्या मॅच झाल्या. एकीचाही साधा पाय मुरगळला नाही, असं कसं रे?"

मी म्हणालो, बूट चांगले असतील.

ती हसली नाही. सेटिंग्ज उघडून ती एकेक पट्टी बघत खाली गेली आणि शून्यापाशी थांबली.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांग."

सांगितलं. महिनाभर मनात घोळवलेलं भाषण एका वाक्यात संपलं.

"परत कधीच नाही?"

"खेळायला नाही."

"आणि तू चहा करत बसलास."

तिने शाळेला फोन केला नाही, रडलीही नाही. दुखापतीची पट्टी शंभरावर नेली आणि मॅच पहिल्यापासून सुरू केली. मी बाजूला बसून राहिलो. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

मध्यंतरापर्यंत दोन्ही संघांच्या मिळून सहा जणी लंगडत बाहेर गेल्या. ताईच्या खेळाडूला काहीही झालं नाही. तिने सव्वीस गुण केले.