खरं नाव

अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे मी लेकीचा घागरा आखूड करायला नेला होता. शेजारच्या इस्त्रीच्या वाफेत तो स्वप्नात बसल्यासारखा टाके घालत होता.

“काकांना तुझं नाव सांग,” मी लेकीला मराठीत म्हटलं.

त्याची सुई थांबली. “नाव? आम्ही कुर्दसुद्धा नावच म्हणतो,” तो इंग्रजीत म्हणाला. “माझं नाव आमच्या भाषेतलं होतं. तुर्कस्तानात कुर्दी नावांना बंदी होती; कचेरीनं ते लिहून घेतलं नाही, म्हणून कागदावर दुसरंच लागलं. खऱ्या नावानं फक्त आई हाक मारायची. ती गेली.”

“व्हॉट वॉज इट?” लेकीनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मात्र नीट म्हणाली.

कापड मांडीवर ठेवून त्यानं डोळे मिटले.

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला.