एका अक्षराचा फरक

"पट्टी सोड," मदत केंद्रातल्या बाई माझ्या बाला म्हणाल्या. "फोटोत जखम दिसायला हवी. नाहीतर देणगीदारांना कसं कळणार?"

बाने पट्टी सोडली. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटत चालली होती. फोटोवाल्याने हात वर धरायला लावला. अजून वर. मग चेहरा जरा पाड म्हणाला. बाचा चेहरा पडलेलाच होता. फोटोवाल्याला तेवढा पुरला नाही.

गाव सोडून मुंबईत आलेल्या कुटुंबांसाठी ते मदत केंद्र घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचं. आम्ही जयंतीची मिरवणूक गावातल्या रस्त्याने नेली, म्हणून पाटलाच्या माणसांनी आमची वस्ती पेटवली होती. मला बाहेर ओढताना बाचा हात भाजला. तिथून आम्ही आत्याकडे, डोंगरावरच्या झोपडीत आलो. ऐंशी साल नुकतंच सरलं होतं. मी तेरा वर्षांची.

केंद्राची चिठ्ठी मिळाली तर एका मोठ्या इस्पितळात बाचं ऑपरेशन फुकट होणार होतं. बोटं मोकळी होणार होती. उशीर झाला तर हात कायमचा गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

अर्ज बाईंनीच भरला. बाच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या, म्हणून मायचा अंगठा शाईत बुडवला. मी म्हटलं, आधी वाचते. शाळेपेक्षा मी वस्तीत येणाऱ्या चळवळीच्या पत्रकांवर वाचायला शिकले होते आणि पत्रक नेहमी मोठ्याने वाचायचं असतं. तसंच वाचलं. घराला आग लागल्यामुळे कुटुंब निराधार झाले.

"लागली नाही," मी म्हणाले. "लावली."

रांगेत कुणीतरी हसलं. बाई चिडल्या नाहीत.

"अगं, एका अक्षराचा तर फरक."

मग त्यांनी समजावून सांगितलं. लावली म्हटलं की कोणी लावली ते आलं. पोलीस आले. विश्वस्त असल्या कागदावर सही करत नाहीत. "आम्ही दुःखितांना मदत करतो, बाळ. भांडणाऱ्यांना नाही."

माय घाईघाईने म्हणाली, "लेकरू हाय बाई. तुमी लिवलं त्ये बरुबर हाय." तिचा शाईचा अंगठा हवेतच होता.

बाईंनी कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "तुला येतं ना लिहिता? मग तूच लिही, मी सांगते तसं. म्हणजे ते खूळ डोक्यातून जाईल."

तोवर मी कदाचित गप्प बसलेही असते. माय अंगठा उठवणार होती आणि आम्ही घरी जाणार होतो. पण आता आम्हाला जाळणाऱ्यांना माझ्याच अक्षरात सोडून द्यायचं होतं. मी बाकडे पाहिलं. तो हात वर धरून तसाच उभा होता. फोटो केव्हाच काढून झाला होता. खाली घे, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी लिहिलं, आमच्या वस्तीला आग लावली. खाली माणसांची नावं लिहिली. त्यांच्या बापांच्या नावासकट, आडनावासकट.

बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि चिठ्ठी न देताच पुढच्या कुटुंबाला बोलावलं.

डोंगर चढून आम्ही झोपडीवर आलो. बोलायचं काम आत्याने केलं. "आली मोठी शिकलेली. लागली ना वाट बाच्या हाताची?" मग तीच थांबली आणि म्हणाली, "लागली कसली. तू लावलीस."

सरकारी इस्पितळात तारखेवर तारीख मिळत गेली. नंबर लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही.

बा हल्ली दिंडोशीला एका बांधकामावर पहारा देतो. कुलपात किल्ली फिरवायला दुसऱ्याला बोलावतो. त्या हाताबद्दल तो मला आजवर एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर सोपं गेलं असतं. मी नावं लिहिलेल्यांपैकी एक जण गावात सरपंच झालाय. माझ्या लिहिण्याने कुणाचं काही बिघडलं नाही. आमच्याशिवाय.

आता पत्रकं मीच लिहिते. शेजारी हळहळतात, बिचाऱ्याचा हात गेला. मी दरवेळी दुरुस्त करते. गेला नाही, घालवला. पाटलाच्या माणसांनी घालवला. बाईंच्या स्वच्छ कागदाने घालवला. आणि मी घालवला. ज्यांनी केलं त्या सगळ्यांची नावं लिहायची, तर माझं गाळून चालणार नाही. ते मी खोडणार नाही. त्यांचीही खोडू देणार नाही.