आधी छत

लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की गुलाबराव सगळ्यात आधी वर बघायचे. नवरी, नवरदेव, यजमान, मसालेभाताचा वास, सगळं नंतर, आधी छत. मान मागे टाकलेली, तोंड किंचित उघडं, हात कमरेवर. एकदा एका यजमानांनी घाबरून विचारलं, "काय झालं भाऊ, प्लॅस्टर पडून राहिलं का?"

"नाई जी. उजेड कुठून पाडाचा ते पाहून राहिलो."

छत पांढरं आणि बसकं असलं की स्वारी खूश. फ्लॅशचं तोंड वर करायचे. उजेड छतावर आपटून चहूकडे पसरायचा आणि फोटोतली माणसं आपल्या घरात बसल्यासारखी निवांत दिसायची. छत उंच किंवा निळं निघालं की हॉल बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. "फ्लॅश मारला हे फोटोत दिसलं, तं फोटो मेला समज," असं ते म्हणत. धरमपेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत मी बारा वर्षं काम केलं. हे वाक्य मी झोपेतही म्हणून दाखवीन, त्यांच्या आवाजात, पानासकट.

मी मात्र यंत्राचा भक्त. नवा ऑटोमॅटिक फ्लॅश घेतला तेव्हा त्यांच्यापुढे मी जादूगारासारखा प्रयोगच लावला. "बघा गुलाबराव! खरा फ्लॅश पडायच्या आधी हा एक बारीकशी ठिणगी टाकतो. ती समोरच्यावर आपटून लेन्समधून परत येते. किती परत आली ते कॅमेरा मोजतो, आणि किती उजेड टाकायचा ते पापणी लवायच्या आत ठरवतो. आपल्याला वाटतं, एकच फ्लॅश पडला!"

गुलाबरावांनी पान चघळत ऐकून घेतलं. मग शेजारच्या दुकानातून दोघांना बोलावलं, एक पांढऱ्या झब्ब्यातला, एक काळ्या कोटातला. दोघांचे वेगवेगळे फोटो काढायला लावले. झब्बा मळकट आला, कोट राखाडी.

"पाह्य. यंत्र हुशार हाये तुयं. पण त्याले वाटते, जगात सगळे राखेच्या रंगाचे. समोर कोण उभं हाये, ते तुले सांगा लागते त्याले."

सांगायचं बटण असतं. उजेड कमी करा, जास्त करा. त्या बटणाचीच ही गोष्ट आहे.

गुलाबरावांची बायको लवकर गेली. एकुलती एक सुषमा त्यांनी एकट्यानं वाढवली. सुषमा सावळी. नात्यातल्या बायका तिच्यासमोरच हळहळायच्या, आणि गुलाबराव त्यांच्यासमोरच तिला म्हणायचे, "तू सुंदर हायेस वं. मी रोज हजार चेहरे पाहतो, मले समजते." तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी घरच्या भिंतीवर, बायकोच्या फोटोशेजारी, एक खिळा ठोकला. पोरीच्या लग्नाच्या फोटोसाठी. कन्यादान करणाऱ्या बापाला कॅमेरा कसा धरता येणार? त्यांनी तो मला दिला. "जशी हाये तशी येऊ दे. बाकी काई नाई."

लग्न उमरेड रोडवरच्या हॉलमध्ये. छत पांढरं, बसकं, मागितल्यासारखं. आणि नवरदेवाची आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊ, नवरी जरा उजळ येऊ द्या बरं. आमच्याकडचे पाहुणे फोटो पाहतीन."

"आत्याबाई, चिंता सोडा!" मी डोळा मारला. फ्लॅश सरळ केला आणि बटण जास्तीकडे सरकवलं. मला वाटलं, गुरूला भेट देतोय. खरं सांगायचं तर, छतापेक्षा माझं यंत्र भारी आहे हेही दाखवायचं होतं. गुलाबराव बोहल्यावरून बोट वर करकरून मला खुणावत होते: छत, छत! अर्धं वऱ्हाड वर बघायला लागलं. मी लांबूनच हात जोडले आणि हसलो.

अल्बम घ्यायला सुषमा स्टुडिओत आली. मी ट्रेमध्ये चहा घेऊन उभा. तिनं चार पानं उलटली. पानोपानी मैद्याची बाहुली. अल्बम मिटून तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, तुमालेही मी अशीच पाहिजे होती काय?"

"नाई वं," एवढंच ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

आयुष्यात बोलायची एकही संधी मी सोडलेली नाही. बारशाला बोलतो, तेराव्याला बोलतो. त्या दिवशी मी म्हणालो, "चहात साखर कमी आहे का?"

ती अल्बम तिथंच ठेवून खापरखेड्याला सासरी निघून गेली. मी दबकत विचारलं, "हे मी माझ्या मनानं केलं, ते का नाही सांगितलं तुम्ही तिला?"

"तू होता ना तिथं," गुलाबराव म्हणाले. अल्बम उचलून कपाटात ठेवताना म्हणाले, "वीस वर्षं सांगत आलो तिले, का तू सुंदर हायेस. एका बटनानं खोटा पाडला तू मले."

तरीही मला काढलं नाही. छत बघायला शिकवतच राहिले. आणि खापरखेडा काय लांब आहे? बसनं तासाभराचा रस्ता. मी गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत नऊ वर्षं गेली. सुषमा सणावाराला यायची, त्यांचं सगळं करायची; पण फोटोचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. खिळा तसाच राहिला.

गेल्या वर्षी गुलाबराव गेले. त्यांच्या घरी सुषमासमोर बसून मी शेवटी सांगितलं. आत्या, बटण, चहा, सगळं. या वेळी आवाजाचे चढउतार न करता.

ती खिळ्याकडे बघत ऐकत होती. "बाबा म्हणाले होते नाई म्हणून. मले वाटलं, पोरीचं मन राखाले खोटं बोलून राहिले. त्यानंतर ते मले सुंदर म्हणत, तं मी उठून आत जायची." मग माझ्याकडे वळली. "भाऊ, हे बाबा होते तेव्हा सांगता नाई आलं काय तुमाले?"

मी वर बघितलं. छत पांढरं होतं, बसकं होतं, अगदी त्यांना आवडावं असं. मान खाली करायची माझी हिंमत झाली नाही.