सूचक काकूंचे नकार

निम्म्या डोंबिवलीला आलेले नकार सूचक काकूंच्या तोंडून आलेले आहेत. होकार काय, कोणीही देतं, फोनवरसुद्धा देतात. नकार मात्र काकू स्वतः घरी जाऊन द्यायच्या. चपला दाराशी काढायच्या, पाणी मागायच्या आणि पेला खाली ठेवायच्या आत सांगून टाकायच्या, "मुलीकडून नाही आलंय हो. आता चहा टाका." त्या घरात रडारड झाली तर ती संपेपर्यंत बसून राहायच्या आणि चहा घेऊनच उठायच्या.

त्यांचं आडनाव सूचक नव्हतं. रामनगरातल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकवर 'वधू-वर सूचक केंद्र' अशी पाटी होती. त्यातलं 'वधू-वर' उन्हानं उडालं, 'केंद्र' पावसानं गेलं आणि 'सूचक' तेवढं राहिलं. नव्यानं राहायला आलेल्यांना ते आडनावच वाटायचं. यजमान कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात केमिस्ट होते. त्यांच्या शिफ्टमधल्या लोकांच्या मुलामुलींपासून काकूंनी सुरुवात केली आणि तीस वर्षं लग्नं जमवली.

मी सत्तावीस वर्षांचा होतो तेव्हा एक नकार त्यांनी मलाही आणून दिला. आईनं हिरमुसून विचारलं, "पण कारण काय?" काकू म्हणाल्या, "पत्रिकेचं सांगू की खरं सांगू?" आई म्हणाली, खरं सांगा. "मंदार पाऊण तास बोलला. त्या पाऊण तासात त्यानं मुलीला एक प्रश्न विचारला नाही. एक." मला इतका राग आला, की पुढच्या मुलीला मी ओळीनं प्रश्नच विचारत सुटलो. तिला वाटलं, आपण बँकेच्या मुलाखतीला आलोय. पण तिनं होकार दिला आणि गेली अठरा वर्षं तीच मला प्रश्न विचारते आहे.

पुढे लग्नं मोबाइलवर जमायला लागली आणि काकूंचं केंद्र बंद पडलं. रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मुलीनं दिलेल्या फोनवर बोललेलं आपोआप टाइप होतं असा शोध त्यांना लागला आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी त्या फोनला कादंबरी सांगायला सुरुवात केली. सकाळी नऊ ते अकरा, स्वयंपाक करता करता. "तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर," हे त्यांचं स्वतःशी बोलणं नायिकेच्या संवादात गेलं होतं. तिथं ते इतकं शोभलं की त्यांनी ते तसंच ठेवलं म्हणे. म्हणे अशासाठी, की कादंबरी त्या कुणाला वाचू देत नव्हत्या. "बघायला येणाऱ्यांच्या आधी शेजाऱ्यांनी नावं ठेवलेली मला चालत नाहीत," असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं.

मला उत्सुकता होती, कारण मीही त्याच सुमाराला एक कादंबरी लिहून बसलो होतो. विमा कंपनीतल्या एका अधिकाऱ्याचं अंतर्मन हा तिचा विषय. मी स्वतः विमा कंपनीत अधिकारी आहे हा योगायोग. ठाण्याला माजिवड्याजवळ एका नव्या इमारतीत मराठी लेखकांसाठी लिटररी एजंट बसतात असं मला कळलं होतं. मी काकूंना समजावून सांगितलं, की हा एजंट आपली कादंबरी वाचतो, पसंत पडली तर कुठल्या प्रकाशकाशी तिचं जुळेल ते बघतो, दोन्हीकडे बोलणी करतो. काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मीच की."

एका रविवारी माझ्या लॅपटॉपवरून आम्ही दोन्ही कादंबऱ्या पाठवल्या. बटण दाबण्याआधी काकूंनी देवापुढे साखर ठेवली. मिनिटाच्या आत आपोआप येणारं उत्तर आलं: 'आपले लेखन मिळाले. बारा आठवड्यांत उत्तर न आल्यास ते स्वीकारले गेले नाही असे समजावे.'

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काकू मात्र लाल झाल्या. "समजावे? कोणी समजावे?"

"आपणच," मी म्हटलं.

"नकार त्यांचा आणि समजायचं मी? अरे, मग ते काय करणार?"

तेव्हापासून बारा आठवडे मी वाट पाहिली आणि काकूंनी मला वाट पाहायला शिकवलं. त्यांचे नियम ठरलेले होते. मुलीकडच्यांनी आपण होऊन फोन करायचा नाही. नातेवाइकांना सांगायचं नाही, नाहीतर ते रोज विचारतात. आणि जेवण टाळायचं नाही, कारण वाट पाहून वाळलेला माणूस पुढच्या स्थळालाही पसंत पडत नाही. मी ऑफिसात दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघायचो. हे कळल्यावर काकूंनी आज्ञा केली, की मेल बघावीशी वाटली की आधी मला फोन कर. मी फोन केला की पलीकडून, कसलीही चौकशी न करता, "नाही आलं. डबा खा," एवढं ऐकू यायचं. आणि खरोखरच आलेलं नसायचं.

एकदा त्या एजंटबाईंनी इन्स्टाग्रामवर चहाच्या कपाशेजारी कागदांचा गठ्ठा ठेवलेला फोटो टाकला. मी तो मोठा करकरून पाहिला. वरच्या पानावर 'खुर्ची' हा शब्द असल्यासारखं वाटत होतं आणि माझ्या कादंबरीत खुर्ची पुष्कळ वेळा येते. मी धावत काकूंकडे गेलो. त्यांनी फोटो बघितलाही नाही. "मुलगा काल देवळात दिसला म्हणून माझ्याकडे पेढे घेऊन आलेली माणसं आहेत, मंदार. तो देवळात चपला शोधत होता."

बारा आठवडे संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू नारायणपेठ नेसून, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन माझ्या दाराशी उभ्या. "रजा टाक. माजिवड्याला जायचंय."

"काकू, असं कुणी जात नाही. ते चिकटपणाचं दिसतं."

"होकार मागायला गेलं तर चिकटपणा. मी नकार आणायला चाललेय."

त्या चकचकीत इमारतीत खाली सिक्युरिटीवाल्यानं अपॉइंटमेंट आहे का विचारलं. मी परतायला एका पायावर तयार होतो. तेवढ्यात लिफ्टजवळ खुर्ची टाकून बसलेले एक वयस्कर गृहस्थ उठून पुढे आले. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची, पूर्वी तिथं त्यांचं भाताचं शेत होतं. "अरे, काकू तुमी! आमचे पोरीचा लगीन तुमीच जमवलाव, इसरलाव का?"

"विसरेन कशी? आधी तीन नकार घेऊन आले होते तुमच्याकडे."

"चवथा बेस निंगाला पन!" असं म्हणून त्यांनी आम्हाला स्वतः सातव्या मजल्यावर नेऊन सोडलं.

एजंटबाई म्हणजे रेवती नावाची तिशीतली मुलगी निघाली. एक खोली, एक टेबल आणि बाकी सगळीकडे कागद. आम्हाला बघून ती घाबरलीच. "मॅडम, आम्ही लेखकांना असं भेटत नाही."

"भांडायला नाही आले गं. माझा नकार राहिलाय तुझ्याकडे, तो न्यायला आलेय. ह्याचाही देऊन टाक, म्हणजे एका खेपेत होईल."

रेवती कधी काकूंकडे, कधी वड्यांच्या डब्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "मी तुमचं अजून वाचलंच नाहीये. आणि जी हस्तलिखितं वाचलीयेत ना, त्यातली कितीतरी मला नाही आवडली. पण मला नाही म्हणताच येत नाही. पत्र लिहायला घेते आणि अर्ध्यातच पुसून टाकते. म्हणून मग ते बारा आठवड्यांचं वाक्य टाकलं." तिचे डोळे भरून आले होते.

बारा आठवडे मी जिला गर्विष्ठ, निष्ठुर, इंग्रजाळलेली आणि आणखी काय काय म्हटलं होतं, ती ही. मला माझीच लाज वाटली. काकूंना लाजायला वेळ नव्हता. त्यांनी पदर खोचला, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "ज्यांचं ठरलंय त्यांची नावं काढ. मी सांगते, तू लिही."

त्या दुपारी काकूंनी सात नकार सांगितले. नऊशे पानांची कादंबरी लिहिणाऱ्याला त्यांनी कळवलं, की आपली माणसं सगळी छान आहेत, पण कुणाचं कोण हे लक्षात ठेवताना वाचणारी दमते. निम्मी माणसं पुढच्या कादंबरीसाठी ठेवावीत. एका प्रेमकथाकाराला कळवलं, की नायक नायिकेचे डोळे वर्णन करतो पण ती काय बोलते ते ऐकत नाही. हे ऐकून माझे कान गरम झाले. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ: 'आपण वाट पाहिलीत, ती आम्हाला ठाऊक आहे.' संध्याकाळपर्यंत सातांपैकी चौघांनी आभाराची उत्तरं पाठवली. एक चिडला. काकू म्हणाल्या, "चिडलेलं बरं. चिडलेला माणूस जेवतो तरी."

त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी काकू बसनं माजिवड्याला जायला लागल्या. आतलं माणूस मिळालं म्हणून मी हरखलो होतो, पण काकू एक अक्षर बोलायच्या नाहीत. "केंद्रातलं केंद्रात," असं म्हणून विषय बदलायच्या. महिन्याभरानं मला मेल आली. खाली सही रेवतीची, पण बोलणाऱ्या बाई ओळखीच्या होत्या: 'आपला नायक तिसऱ्या प्रकरणापर्यंत खुर्चीतून उठत नाही. त्याला उठवावे. तो एकदा तरी खिडकीपाशी जाईल म्हणून आम्ही फार वाट पाहिली.' मी पंधरा दिवस काकूंशी बोललो नाही. मग त्या अधिकाऱ्याला पहिल्याच पानावर उठवून कल्याण स्टेशनबाहेरच्या रिक्षात बसवलं. रिक्षा जी सुटली ती तीन प्रकरणं थांबली नाही. रेवतीनं ती कादंबरी पुढे एका प्रकाशकाकडे नेली. त्यांनी अजून कळवलेलं नाही.

काकूंची स्वतःची कादंबरी मात्र गठ्ठ्यात होती तिथेच. ओळखीचं स्थळ रांग मोडून पुढे घ्यायचं नाही हा त्यांचा जुना कायदा होता. त्यातून त्यांना एक वेगळीच भीती होती, आणि ती त्यांनी मला एकदा बोलून दाखवली. "ही पोर मला हो म्हणेल रे. तिला नाही म्हणता येत नाही. असा होकार घेऊन मी काय करू?" त्यांना त्या कादंबरीचं फार होतं. ती छापून आलेली बघायची होती, आणि ती इच्छा लपवणंही त्यांना जमत नव्हतं. पण त्यांना हवं होतं ते खरं उत्तर. पाळी आली तेव्हा त्यांनी रेवतीला बजावलं, की हे पत्र मी सांगणार नाही, तुझं तू लिही. मग तीन आठवडे कामाला गेल्या नाहीत. त्या तीन आठवड्यांत दिवसातून पाच वेळा मला त्यांचा फोन यायचा आणि मी म्हणायचो, "नाही आलं, काकू. जेवा."

पत्र आलं तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. चष्मा हातात असून त्यांनी ते मला वाचायला लावलं.

'काकू, तुमची कादंबरी मी दोनदा वाचली. ऑफिसात एकटीच हसत होते. पण तुमच्या कादंबरीत कुणीच कुणाला नाही म्हणत नाही. अकरा स्थळं येतात आणि अकराही जमतात. चौथ्या लग्नानंतर मला कुणाची काळजी वाटेना. ही मला पुढे नेता येणार नाही. तुम्ही वाट पाहिलीत, ती मला ठाऊक आहे. रेवती.'

काकू म्हणाल्या, "छान लिहिलंय पोरीनं. एक शब्द जास्त नाही." आणि कोरडाच असलेला चष्मा त्या पदरानं पुसत राहिल्या.

"काकू, अकराच्या अकरा?" मला राहवलं नाही.

"तीस वर्षं लोकांच्या दारात नको ती बातमी घेऊन उभी राहिले, मंदार. पेला खाली ठेवायच्या आत सांगायचे, कारण नंतर माझाच धीर झाला नसता. म्हटलं, कागदावर तरी सगळ्यांची जमू देत."

त्या बाईंना नकार देणं सोपं जातं, असं आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो.

मी सुचवलं, की एखादं लग्न मोडून बघा. त्या आठ दिवस बसल्या. नवव्या दिवशी फोन आला. "सातव्या प्रकरणातल्या बँकेतल्या मुलाचं मोडायला घेतलं होतं. पण त्याची आई ओटीचं सामान आणून बसलीय रे. मला नाही जमत." मग कादंबरी त्यांनी मला वाचायला देऊन टाकली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. सोमवार-गुरुवार मात्र पुन्हा सुरू केले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. भेटायला येणाऱ्यांची रामनगरात रीघ लागली होती. त्यांनी जमवलेली जोडपी होती, तसेच त्यांच्याकडून नकार घेतलेलेही पुष्कळ होते. रेवती कोपऱ्यात उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा तिनं हलक्या आवाजात विचारलं, "मी हो म्हणायला हवं होतं का? काय बिघडलं असतं?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं फार वाटत होतं. जिभेवर आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं. कादंबरी नव्हती जमली."

ती रडली. मीही रडलो. तिचं रडणं थांबेपर्यंत मी तिथून हललो नाही.