दाजींचे शून्य

आमच्या दाजींइतकी हवा लातूर शहरात कोणी मोजली नसेल आणि त्यांच्याइतकी कमी हवा कोणाच्या डोक्यात गेली नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. धंद्याने इंजिन मिस्त्री, शिक्षण सातवी. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकांवरची धूळ झटकण्यात माझी नोकरी सरली. दाजी मला ‘मेव्हणे’ म्हणत, पण कोणाशी ओळख करून देताना ‘हे आमचे बुकातले पावणे’ असे सांगत. गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी चार ओळी लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीला अडतो, कारण काहीही लिहिले की कानात त्यांचा प्रश्न येतो, “मोजलंत का?”

इंजिनाच्या माथ्यावर धातूचा एक ठोकळा असतो, त्याला हेड म्हणतात. त्याच्या पोटात वाटा असतात. एकीतून हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. इंजिन दमले की बाकीचे मिस्त्री पिस्टन बदलत, रिंगा बदलत. दाजी म्हणत, “आधी त्याला श्वास घेता येतोय का ते तर बघा.” ते त्या वाटा दिवसचे दिवस घासून गुळगुळीत करत आणि मग त्यांतून किती हवा जाते ते मोजत. त्यासाठी त्यांनी स्वतःच एक यंत्र बांधले होते. जुन्या दाराच्या फळ्यांची पेटी, पोटात हवा ओढणाऱ्या मोटारी, वर हेड बसवायची लोखंडी ताटली, आणि बाजूला वाकवलेली काचेची नळी. नळीत कुंकवाचे पाणी. मोटारी सुरू झाल्या की पाणी एका बाजूने चढायचे आणि दाजी पट्टी लावून त्याच्याकडे असे बघायचे, जसे लोक देवळात गाभाऱ्याकडे बघतात.

हवेचा हा नाद दुकानापुरता राहता तर अक्काने काही म्हटले नसते. पण दाजींना जगातली प्रत्येक पोकळ वस्तू संशयास्पद वाटे. अहमदपूरला एका नातेवाइकाच्या लग्नात त्यांनी ऐन वेळी सनईवाल्याची सनई मागून घेतली, एक डोळा मिटून आतून न्याहाळली आणि म्हणाले, “गळ्यापाशी जरा घासली तर लई मोकळी वाजंल.” खिशातून कानसही काढली होती. मुहूर्त टळता टळता राहिला. माझी डावी नाकपुडी उजवीपेक्षा कमी हवा ओढते हा शोधही त्यांचाच. पुढे नांदेडच्या एका डॉक्टरांनी फी घेऊन तेच सांगितले, फक्त त्यांना आकडा सांगता आला नाही.

काचेची नळी बसली आणि थोड्याच दिवसांत भूकंप झाला. दोहोंचा संबंध नव्हता, पण अक्काला तो आहे असे बरीच वर्षे वाटत होते. त्या महिन्यांत लातुरात कोणाचाच भिंतींवर विश्वास उरला नव्हता. दक्षिणेकडची गावेच्या गावे गेली होती, ओळखीची माणसे गेली होती, लोक अंगणात पत्रे टाकून राहत होते. जमीन जराशी हलली तरी नळीतले पाणी थरथरते हे दाजींच्या ध्यानात आले. झाले. हातातली कामे टाकून ते दुपारभर नळीसमोर बसू लागले, आणि पाणी हलले की “भाईर व्हा! भाईर व्हा!” करत गल्ली रिकामी करू लागले. पहिल्या आठवड्यात गल्लीने त्यांना देव मानले. दुसऱ्या आठवड्यात कळले की डाळमिलचा ट्रक कोपऱ्यावर वळला तरी पाणी हलते. समोरच्या बांगडीवाल्या चाची एका दुपारी चौथ्यांदा बाहेर आल्या तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “भूकंप से तो बच गए मिस्त्री, तुम्हारे चिल्लाने से मर जाते अब!” दाजी खजील झाले नाहीत. त्यांनी वही घेतली आणि ट्रकांच्या वेळा लिहायला सुरुवात केली. “ट्रक वजा केले की उरंल तो भूकंप,” ते म्हणाले.

पुढे भिंती पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांवर बॅनर आले. लातूर हे डाळ आणि तेलबियांचे गाव होते, ते गुणांचे गाव झाले. जिथे तुरीची पोती असायची तिथे बाहेरगावची पोरे राहू लागली. घरोघरी खोल्या भाड्याने गेल्या, आणि रस्त्यात कोणाला ‘सर’ म्हणून हाक मारली तर दहा माणसे मागे वळून पाहू लागली. दाजींच्या दुकानावर त्यांचे घर होते, आणि त्याच्याही वरच्या मजल्यावर एका सरांचा भौतिकशास्त्राचा क्लास आला. या सरांच्या बॅनरवर पहिल्या आलेल्या मुलीचा जो फोटो होता, तोच चौकातल्या दुसऱ्या दोन क्लासांच्या बॅनरवरही होता. दाजींनी एकदा शांतपणे विचारले, “सर, ही पोरगी तीन ठिकाणी बसून शिकली का हो?” सर हसून म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही नट-बोल्ट बघा.”

याच काळात दाजींच्या यंत्राला आकडे आले. कुंकवाच्या पाण्याऐवजी दाब ओळखणारे दोन सेन्सर आणि लाल अंक दाखवणारी पाटी. नांदेडच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने ती जुळवली आणि ती मी मांडीवर घेऊन एसटीने लातूरला नेली. लोह्याला कंडक्टरने विचारले, हे काय हाय जी? मी म्हटले, हवा मोजायचे यंत्र. तो म्हणाला, “मग ह्याचं तिकीट न्हाई फाडत. हवा फुकट हाय आपल्याकडं.” पण लाल अंक आले तरी दाजींनी कुंकवाची नळी काढली नाही. आणि एक रिवाज मात्र अधिकच कडक केला. रोज सकाळी पहिले काम म्हणजे हेड ताटलीवर बसवायचे, त्याच्या झडपा पूर्ण बंद ठेवायच्या आणि मोटारी सुरू करायच्या. वाटच बंद, तेव्हा हवा जायला नको. पाटीवर शून्य यायला हवे. शून्य आले नाही तर कुठेतरी फट आहे, आणि त्या दिवशीचे सगळे आकडे फुगलेले निघणार. “ज्याला शून्य दाखवता येत न्हाई,” ते वर क्लासच्या दिशेने बघून म्हणत, “त्याच्या शंभराला काय चाटायचं?”

ताटलीखाली हवाबंद बसायला रबर लागे, आणि त्या मापाचे उत्तम रबर त्यांना एकाच ठिकाणी सापडले होते: अक्काच्या प्रेशर कुकरात. त्यावरून घरात जे चाले ते निराळेच. अक्का नवे रबर आणी, दाजी ते खाली नेत. अक्काच्या कुकरची शिट्टी होईना. “तुमच्या पेटीला भूक लागत न्हाई, मला वरण शिजवायचंय,” अक्का म्हणे. दाजी म्हणत, “वरण कच्चं राहिलं तर कळतं तरी. आकडा कच्चा राहिला तर कुणाला कळतंय?”

मग तो प्रसंग आला, ज्याची दाजी आयुष्यभर वाट पाहत होते, पण कबूल करत नव्हते. शहराजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या मुलांनी स्पर्धेसाठी छोटी गाडी बांधली होती. तिचे हेड दाजींनी घासले होते. आधी त्यातून मिनिटाला साठ घनफूट हवा जायची. आता पाटीवर एकाहत्तर आले. प्राचार्य स्वतः दुकानात येऊन आकडा बघून गेले. नव्या प्रयोगशाळेचे उद्घाटन ठरले, आणि दाजींना तिथे मानद मार्गदर्शक नेमायचे ठरले. टेबल, खुर्ची, दारावर पाटी आणि पाटीवर नावापुढे ‘सर’. दाजींनी पेनाचा खिसा असलेला सदरा शिवला. मला फोनवर तीनदा विचारले, “मेव्हणे, तिथं बसायचं असतं का उभ्यानंच सांगायचं असतं?” आजवर ते कॉलेजांत गेले होते ते इंजिने पोचवायला, मागच्या दाराने.

उद्घाटनाच्या सकाळी मी लातुरात होतो. दाजी नवा सदरा घालून सवयीप्रमाणे खाली गेले आणि झडपा बंद करून मोटारी सुरू केल्या. पाटीवर सात आले. पुन्हा केले, पुन्हा सात. गेल्या चार दिवसांत आनंदाच्या गडबडीत त्यांनी शून्य बघितलेच नव्हते, आणि एकाहत्तर त्या चार दिवसांतलेच होते. त्यांनी ताटली उचलली. खाली जुने, कडक झालेले, तडे गेलेले रबर होते. त्याच क्षणी वर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, अशी खणखणीत, जशी मधे बरेच महिने होत नव्हती; चार दिवस ती होतच होती, पण गडबडीत कोणाचे लक्ष गेले नव्हते. दाजींनी छताकडे पाहिले.

मी म्हटले, “दाजी, आज गप्प बसा. कार्यक्रम होऊ द्या, उद्या पुन्हा मोजा.” वरचे सर शुभेच्छा द्यायला उतरले होते, ते म्हणाले, “मिस्त्री, आकडा एकदा बॅनरवर गेला की खरा होतो.” आणि बॅनर लागला होता, कॉलेजच्या फाटकावर, एकाहत्तर, लाल अक्षरांत. दाजी म्हणाले, “हाव, तुमच्यात होत असंल,” आणि रिक्षात बसले.

व्यासपीठावर त्यांना गादीच्या खुर्चीत बसवले. हारतुरे झाले. प्राचार्यांनी एकाहत्तरचा तीनदा उल्लेख केला. मग दाजी उठले, माइकपासून वीतभर लांब उभे राहिले आणि म्हणाले, “त्यो आकडा खोटा हाय. चौसष्ट धरा. सात हवा माझ्या पेटीच्या फटीतून आली. रबर माझ्याच हातानं चुकीचं बसलं.” सभागृहाला हा विनय वाटला आणि टाळ्या पडल्या. दाजी थांबले, टाळ्या संपू दिल्या, आणि पुन्हा म्हणाले, “चौसष्ट.” या वेळी कोणी वाजवल्या नाहीत. प्राचार्य म्हणाले, ही तांत्रिक बाब आपण नंतर पाहू. ती कोणी पाहिली नाही. महिन्याभराने त्या दारावर पाटी लागली. नाव वरच्या मजल्यावरच्या सरांचे होते.

परतताना दाजी रिक्षाच्या फाटक्या गादीवर हात फिरवत होते. मग म्हणाले, “मेव्हणे, खुर्ची लई मऊ होती.” एवढेच. मला वाटले होते, मी दिलेल्या सल्ल्याबद्दल काही बोलतील. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाने सातवी शिकलेल्या माणसाला खोटे बोलायला सांगितले होते. पण त्यांनी तो विषय काढला नाही, तेव्हाही आणि नंतरही. अक्काला तर त्यांनी रबराविषयी अवाक्षर सांगितले नाही. खुर्ची का मिळाली नाही असे तिने विचारले तेव्हा म्हणाले, “त्यांना शिकलेला माणूस पायजे होता.”

दाजींचा तेरावा झाल्यावर मी काही दिवस लातूरला राहिलो. अक्का वरण लावत होती आणि कुकर नुसताच फुसफुसत होता. शिट्टी होईना, कडेने वाफ जाई. मी म्हटले, अक्का, रबर बदल ना. ती म्हणाली, “नवं आणलंय. खाली बसवलंय.”

ती पदराला हात पुसत म्हणाली, “चांगलं रबर मीच काढलं होतं तवा, उद्घाटनाच्या आधी. त्या सकाळी शिट्टी झाली नि हे वर आले न्हाईत, तवाच मला कळलं. रोज वाटायचं, आज तरी भांडतील. भांडलेच न्हाईत रे.”

गॅस बंद करून ती खाली निघाली, मी तिच्यामागे. दुकानात धूळ होती. ताटलीवर एक हेड अजून तसेच होते, झडपा बंद. अक्काने बटण दाबले. मोटारी घरघरल्या, नळीतले कुंकवाचे पाणी जरासे हलले. बाहेर ट्रक वळत असावा. लाल अंक फिरले, आणि थांबले.

शून्य.

“आलं का?” अक्काने विचारले. तिचा चष्मा वरच राहिला होता.

“आलं,” मी म्हटले.

“पुन्हा मोज,” ती म्हणाली.